ठेवायचं त्याला खूण

खालचं घर दाखवायला नेलं त्याच दिवशी वरच्या आजींनी सांगून टाकलं होतं, "भिंतींना खिळे ठोका, रंग बदला, मला विचारायलाही येऊ नका. खालचं घर तुमचं. झाड तेवढं माझं."

आजी म्हणजे घराच्या मालकीणबाई. वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. कठड्याला धरून दिवसातून दोनदा खाली उतरायच्या, आणि दोन्ही वेळा आधी झाडाकडे बघून मगच माणसांशी बोलायच्या. झाड तुतीचं. अंगणाच्या मधोमध उभं, बुंधा एका माणसाच्या कवेत न मावणारा, आणि त्याचा एक जाडजूड हात जमिनीला समांतर जाऊन थेट स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोचलेला.

त्या हाताला मुंगीच्या बाबाने सामानाची खोकी उघडायच्या आधी झोका बांधला. मुंगी म्हणजे त्यांची अडीच वर्षांची लेक. दिसेल ती वस्तू, स्वतःपेक्षा मोठी असली तरी, ओढत नेऊन भलतीकडे ठेवायची, म्हणून मुंगी. अंगण असलेलं घर मिळावं म्हणून या दोघांनी दीड वर्ष चपला झिजवल्या होत्या. आधीचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, गच्चीचा कठडा बुटका, आणि मुंगीची आई तिथे जणू श्वास रोखूनच राहिली होती.

मुंगीच्या आईचा स्वभाव मुळातच धास्तीचा. द्राक्षाचे चार तुकडे करायची. झोपलेल्या मुंगीच्या नाकाशी बोट धरायची. गॅस बंद केल्यावर पुन्हा चालू करून बंद करायची, म्हणजे खात्री. कॉलेजात तिने संख्याशास्त्र घेतलं होतं, त्यामुळे तिची भीतीसुद्धा शिकलेली होती. "असं काही होत नसतं गं," नवरा म्हणायचा. "शक्यता कमी आहे," ती म्हणायची, "शून्य नाही." हे दोन शब्द घरात इतके मुरले होते की दूध उतू गेलं तरी मुंगीचा बाबा म्हणायचा, "शून्य नव्हतीच."

तर झालं असं. थंडीच्या अखेरीस आजी लेकीच्या बाळंतपणाला गेल्या, सहा महिन्यांसाठी. त्या गेल्यावर पंधरा दिवसांत मोठा वारा सुटला आणि तुतीची एक वाळकी फांदी खाली आली. मनगटाएवढी जाड. मुंगीच्या वाळूच्या ढिगापासून सात पावलांवर. सात पावलं मुंगीच्या आईने स्वतः मोजली, तीनदा. मुंगी तेव्हा घरात भात चिवडत बसली होती हे खरं. पण नसती बसली तर?

त्याच आठवड्यात मागच्या गल्लीत मोटारची करवत घेऊन एक करवतवाला आला होता. तिने त्याला बोलावलं. त्याने वर झाडाकडे पाहिलं नाही, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "वरून सपाट करून टाकतो बाई. काळजीच मिटेल."

काळजी मिटेल म्हटल्यावर ती कशाला नाही म्हणते! आजींना फोन करावा हे मनात आलं होतं, नाही असं नाही. पण त्या बिचाऱ्या लेकीच्या उशाशी बसलेल्या, त्यांना कशाला त्रास, असं तिने स्वतःला पटवलं. दुपारपर्यंत तुतीची पार हजामत झाली. सगळे वरचे हात मधूनच तोडलेले, वर नुसते पांढरे थोटके. झोक्याचा हात तेवढा वाचला, तोही मुंगीने झोक्याची दोरी सोडली नाही म्हणून.

संध्याकाळी मुंगीचा बाबा घरी आला आणि फाटकातच थबकला. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. बारीकसारीक चटकन दिसण्याबद्दल त्याची ख्याती नव्हती, पण हे त्यालाही दिसलं.

"अगं, झाड कुठंय?"

"आहे की. थोडं कमी केलंय."

"थोडं?" एवढंच बोलून तो आत गेला आणि हातपाय धुऊन मुंगीला झोका देत बसला. याबद्दल ती त्याची जन्मभर ऋणी राहिली असती; पण तेव्हा तिला ते सुचलं नाही, कारण तेव्हा तिला फक्त हायसं वाटत होतं.

हे हायसं वाटणं वसंतापर्यंत टिकलं. मग त्या थोटकांमधून फुटवे आले. एकेका थोटकाला पंधरा-पंधरा, वीस-वीस. तांबूस, गुळगुळीत, छडीसारखे सरळ. रोज सकाळी बघावं तर वीतभर वाढलेले. ती आधी खूश झाली, की चला, झाड जगलं. मग उन्हाळा चढला तसे ते पुरुषभर उंच झाले आणि झाडाचं झाडपण जाऊन उलटा खराटा झाला. तिने स्टुलावर चढून हाताला येतील तेवढे स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापले. पंधरा दिवसांनी एकेकाच्या जागी तीन-तीन. वारा आला की सगळे एकदम सपासप वाजायचे, आणि एकदा त्यांतला एक बुडापासून उचकटून, पानांसकट, खाली आला. वाळूच्या ढिगापासून चार पावलांवर. म्हणजे काळजी मिटवायला गेली ती तीन पावलं जवळ आली.

दर रविवारी आजींचा फोन यायचा. नातू कसा आहे, रडतो किती, सगळं सांगून झालं की त्या शेवटी विचारायच्या, "आणि तुती काय म्हणते?"

"मजेत आहे."

"पालवी?"

"खूप आलीय आजी. भरपूर." यात खोटं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त टोचायचं.

एका रविवारी मुंगीने फोन ओढून घेतला आणि आपल्या परीने बातमी दिली, "आजी, झाडाला केश आले! उभे केश!"

पलीकडे बाळाच्या खुळखुळ्याचा आवाज थांबला. मग आजी हसल्या, "हो का गं? विंचर मग त्याला." मुंगीच्या आईने कपाळावरचा घाम पुसला. लहान मूल, काहीही बोलतं, असं समजल्या असतील.

आणि मग तो फोन आला. "पुढच्या शनिवारी येतेय. वरच्या खिडक्या जरा उघडून ठेव हं."

फोन ठेवून तिने बोटांवर दिवस मोजले. सहा दिवस. झाड तेवढं माझं, असं त्या म्हणाल्या होत्या. एकच गोष्ट सांगितली होती, आणि नेमकी तीच. आजी आरडाओरडा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या शांतपणे म्हणतील, दुसरं घर बघा. मग पुन्हा तिसरा मजला, पुन्हा बुटका कठडा. आणि ते सोडलं तरी, ज्या बाईने ओळखपाळख नसताना घराची किल्ली हातात दिली तिच्या डोळ्यांत कसं बघायचं?

स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला आतून आजींच्या अक्षरात काही नंबर लिहिलेले होते. नळवाला, वीजवाला, आणि खाली पेन्सिलीने: "झाड – खार." पहिल्या दिवशी ते वाचून मुंगीचा बाबा म्हणाला होता, "कमाल आहे! या घरात खारीचाही फोन नंबर आहे." मुंगीच्या आईने तो नंबर गेल्या चार महिन्यांत पन्नासदा वाचला होता. लावला नव्हता, कारण तो आजींचा माणूस. त्याला बोलावणं म्हणजे आपणच जाऊन कबुली देणं. सोमवारी सकाळी तिने तो लावला.

मंगळवारी खारकाका आले. साठीचे, किडकिडीत, पांढऱ्या मिशा दोन्ही बाजूंना फेंदारलेल्या. नाव का पडलं ते विचारायची गरज नव्हती. खांद्यावर शिडी, कमरेला छोटी वाकडी करवत. त्यांनी शिडी भिंतीला लावली, करवत पायरीवर ठेवली आणि हात पाठीमागे बांधून झाडाभोवती फिरायला लागले. एक फेरी, दोन फेऱ्या, तीन. मुंगीही हात पाठीमागे बांधून त्यांच्या मागे.

"काका, मेलंय का?" मुंगीच्या आईने शेवटी विचारलं.

"मेलेलं एवढं ओरडतं होय? घाबरलंय." ते वर बघतच बोलत होते. "याचं डोकं उडवलं. खाली मुळं तेवढीच, वर खायला घालणारी पानं गायब. मग काय करणार? मिळेल तिथून फुटलं. पाणसोट म्हणतात याला. पाणी चढावं तसे सरसर वर जातात, सोट्यासारखे सरळ. दिसायला भरभराट, पण बुडाशी पकड नाही. नुसते चिकटलेले. जोराच्या वाऱ्यात निखळतात."

"एक निखळला."

"निखळणारच." मग त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "कात्री लावलीत वाटतं मधे?"

तिला वाटलं आता बोलणी बसणार. ते फक्त म्हणाले, "कात्रीने बुडाशी कोंबाचा डोळा राहतो, मग एकाचे तीन होतात. कोवळा असतो तेव्हा अंगठ्याने मोडायचा, असा, खालच्या अंगाला. डोळ्यासकट निघतो. पुढच्या वसंतात ही पोरगीही करेल ते काम." मुंगीने लगेच स्वतःचा अंगठा तपासला.

मुंगीच्या आईने धीर केला. "काका, हे मी करवलं. आजींना माहीत नाही. शनिवारी येतायत. तुम्ही त्यांना..."

"मी कुणाचं कुणाला सांगत नाही," खारकाका म्हणाले. "नाहीतर लोक मला अंगणात घेतील का? आणि एक सांगतो. या झाडाचं हे दुसऱ्यांदा होतंय." त्यांनी बुंध्याच्या वर, जिथून तो झोक्याचा हात फुटला होता तिथे बोट दाखवलं. तिथे सालीला एक जुनी, बुजून गेलेली गाठ होती, बशीएवढी. आणि हात तिथून आधी सरळ वर निघून मग कोपरासारखा वळून आडवा झाला होता. रोज झोका देताना तिने ते कोपर पाहिलं होतं, पण कधी त्याचा विचार केला नव्हता.

"कुणी केलं होतं?"

"आता काय बोललो मी?" खारकाका मिशीत हसले. "जुना मऊ कपडा आहे का घरात? चिंध्या करायच्या आहेत."

तिच्याकडे होते. मुंगीचे लंगोट. एका पत्र्याच्या पेटीत, धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेले. का ठेवले होते ते तिला सांगता आलं नसतं. तिने दहा काढून दिले. खारकाकांनी दाताने काठ धरून पहिला लंगोट टर्रकन फाडला तेव्हा तिला तो आवाज स्वतःच्या अंगातून आल्यासारखा वाटला. पण तिने दुसरा पुढे केला.

मग ते शिडीवर चढले आणि एकेका पाणसोटाच्या बुडाशी अंगठा लावून बघत, अधूनमधून एखाद्याला चिंधी बांधत गेले. सव्वाशे तरी पाणसोट असतील. बांधल्या अकरा चिंध्या.

"एवढेच कापणार?" तिने विचारलं.

"एवढे ठेवणार." ते खाली उतरले. "माझी हीच रीत आहे. कापायचं त्याला मी खूण करत नाही. कापायच्या खुणा करायला लागलं की हात सुटतो, सगळंच कापण्याजोगं दिसायला लागतं. ठेवायचं त्याला खूण. मग बाकीच्यांतले निम्मे आत्ता, निम्मे पुढच्या साली. एकदम काढले तर पुन्हा घाबरेल. मी आता जातो, दिवसभर तुम्ही याला बघत राहा. काही चुकल्यासारखं वाटलं तर सांगा. उद्या आठला येतो."

त्या दिवशी मुंगीला सर्दी झाली होती, नाक गळत होतं, ताप येतो की काय म्हणून तिची आई दर तासाला कपाळ चाचपत होती. रात्री नवरा जेवायला बसला तेव्हा तिने घाईघाईत सांगितलं, "काका येऊन गेले. फांद्यांना चिंध्या बांधल्यात. उद्या कापणार आहेत." सगळं बरोबर सांगितलं. फक्त चिंध्या कशासाठी, तेवढं सांगायचं राहिलं.

सकाळी साडेसातला ती दूध तापवत होती. खिडकीतून काहीतरी सरकन खाली जाताना दिसलं. मग आणखी एक. तिसऱ्याला चिंधी बांधलेली होती, तीवर पिवळी बदकं. तो बदकांचा लंगोट मुंगीच्या पहिल्या महिन्यातला.

ती चमचा हातात घेऊनच बाहेर धावली. मुंगीचा बाबा शिडीवर होता, शेजाऱ्यांची करवत हातात, चेहऱ्यावर देवदूतासारखं समाधान. "अगं, म्हटलं काका म्हातारे आहेत. दुकानात जायच्या आधी आपणही खारीचा वाटा उचलू. हा चौथा..."

"थांब! अरे, चिंधी म्हणजे ठेवायचं!"

करवत थांबली. चौथा पाणसोट एका सालीच्या धाग्यावर लोंबकळला, विचार केल्यासारखा, आणि खाली आला.

"ठेवायचं?" तो वरून म्हणाला. "ठेवायचं त्याला कोण खूण करतं?"

"अख्ख्या गावाला दिसायला लावतोस, आणि तुला..." तिने चमचा उगारला. मग तिला आठवलं की त्याला तिनेच अर्धं सांगितलं होतं, आणि त्याहून आधी, सपाट झालेलं झाड बघून तो मुकाट्याने झोका द्यायला बसला होता. ती पायरीवर बसली. "उतर खाली. सावकाश. पाय जपून."

खारकाका आठला आले. जमिनीवर चार चिंध्यांचे पाणसोट ओळीने ठेवलेले, त्यांच्या बाजूला दोन मोठी माणसं शाळेतल्या पोरांसारखी उभी. ते त्या ओळीपाशी उकिडवे बसले. मग एक उचलून त्याचा काप न्याहाळला.

"कापलंय मात्र सरळ," ते म्हणाले आणि खांदे गदगदा हलवत, आवाज न करता हसायला लागले. मुंगीला कारण कळलं नाही पण तीही हसली. मुंगीच्या बाबाचे कान लाल झाले.

"तीन गेले त्याचं एवढं नाही, त्यांच्या शेजारी चिंधीचे दुसरे आहेत. पण हा चौथा पलीकडच्या बाजूचा होता." त्यांनी झोक्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला बोट केलं. "तिकडे हात आला नाही तर झाड जन्मभर एका बाजूला कलणार. तिथला दुसरा निवडावा लागेल. बाई, तुम्ही निवडा."

"मी? मला काय कळतं, काका? माझ्या हातून आधीच..."

"म्हणूनच. कापताना तुम्ही बघितलं नव्हतं. आता बघा." त्यांनी शिडी धरली. "नवरेबुवा, पोरीला उचला. चढा बाई. मी धरलीय."

चार पायऱ्या चढायला तिला चाळीस पायऱ्यांएवढा वेळ लागला. वर गेल्यावर पाणसोटांचं रान तिच्या तोंडाशी आलं. खालून सगळे एकसारखे दिसत होते. जवळून तसे नव्हते. सर्वांत उंच, सर्वांत सरळ होता त्याच्याकडे तिचा हात आधी गेला.

"त्याच्या बुडाला हात लावा," खालून आवाज आला. "कसा वाटतो?"

"चिकटवल्यासारखा. थोडा हलतोय."

"सोडा. खांद्यातून दंड निघावा तसा बसलेला पाहिजे. उंची बघू नका. बूड बघा."

तिने एकेकाचं बूड चाचपलं. एरवी दिवसभर ती काय काय तुटू शकतं हे शोधत असायची. काय घट्ट आहे ते शोधायची पाळी तिच्यावर बहुधा पहिल्यांदाच आली होती. नवव्या की दहाव्याला तिचा हात थांबला. मागच्या बाजूला, सावलीत, बोटाएवढा बारीक, थोडा तिरका. बाकीच्यांच्या निम्म्या उंचीचा. पण बुडाशी रुंद, साल दोन्हीकडून चढलेली. तिने हलवून पाहिलं. तो नाही हलला, अख्खी फांदी हलली.

"हा. पण काका, फार बारका आहे. टिकेल?"

"तुमचं काय मत?"

"न टिकण्याची शक्यता..." ती म्हणाली आणि स्वतःच थांबली. "कमी आहे."

"शून्य नाही!" खालून बापलेक एकदम ओरडले, आणि त्या गडबडीत खारकाकांच्या हातातली शिडीसुद्धा हसली.

तिने बदकांची चिंधी त्याला बांधली. सैल बांधा, गळा आवळायचा नाही, असं काकांनी सांगितलं होतं. तिने गाठीतून करंगळी घालून पाहिली. मग काकांनी वर येऊन त्या बारक्याला हळूहळू, तळहाताने दाबत बाहेरच्या बाजूला झुकवलं, सुतळी बांधली आणि सुतळीला पाण्याची अर्धी भरलेली बाटली लटकवली. "उभा राहिला की नुसता आभाळाकडे पळतो. आडवा झाला की सावकाश होतो, जाड होतो, फळ धरतो. सक्ती करायची नाही. आठवड्याला दोन घोट पाणी वाढवायचं बाटलीत. जमेल?"

दोन घोट मोजून वाढवणं! हे काम कुणी तिच्यासाठीच शोधून काढल्यासारखं होतं. "जमेल," ती म्हणाली.

दुपारपर्यंत काकांनी निम्मे पाणसोट उतरवले. करवत क्वचितच वाजली. कोवळे होते ते अंगठ्याने कटकट मोडले. झाडातून पुन्हा आरपार उजेड यायला लागला. अजून ते विद्रूपच होतं, थोटकांवर वाढलेली दाढी अर्धी काढल्यासारखं. पण त्याला पुन्हा हात-पाय असल्यासारखं दिसत होतं. जाताना मुंगीच्या आईने त्यांना वाकून नमस्कार केला. काका संकोचून म्हणाले, "अहो, मला काय, त्याला करा," आणि शिडी घेऊन चालू लागले. मुंगीने झाडाला नमस्कार केला आणि नाक झाडाच्या सालीलाच पुसलं.

शनिवारी संध्याकाळी आजी आल्या. बॅग फाटकाशीच ठेवून त्यांनी नेहमीसारखं आधी झाडाकडे पाहिलं. मुंगीच्या आईने चार दिवस एक भाषण पाठ केलं होतं. वारा, वाळकी फांदी, सात पावलं, त्यांच्या लेकीचं बाळंतपण. त्यातलं काहीच बाहेर आलं नाही.

"मी केलं, आजी. तुम्ही एवढंच सांगितलं होतं, आणि मी तेच केलं. भीती वाटली म्हणून. यांचा काही दोष नाही." चार चिंध्यांबद्दल ती बोलली नाही. ते तिने स्वतःच्याच नावावर घेतलं.

आजी काठी टेकत हळूहळू झाडाखाली गेल्या. लटकलेल्या बाटलीला एक बोट लावलं, बाटली जराशी झुलली.

"खार आला होता?"

"हो."

"काही बोलला?"

"हे दुसऱ्यांदा होतंय म्हणाले. आधी कुणी केलं ते सांगितलं नाही."

आजींनी झोक्याच्या हाताकडे पाहिलं, त्या जुन्या कोपराकडे. "नाही सांगायचा तो," त्या म्हणाल्या. "मी दमलेय गं. उद्या बोलू." आणि कठडा धरून एकेक पायरी वर गेल्या. मुंगीचा बाबा बॅग घेऊन मागोमाग गेला आणि लगेच परत आला. "काही बोलल्या नाहीत. थँक्यू म्हणाल्या बॅगेबद्दल."

उद्या बोलू! या दोन शब्दांवर माणसाने रात्र कशी काढायची? तिने मनातल्या मनात खोकी भरली सुद्धा. पत्र्याची पेटी सगळ्यांत वर.

सकाळी ती दूध घ्यायला दार उघडायला गेली. कडी ओढली, दार आत आलं, आणि बाहेरच्या कडीला काहीतरी पांढरं हललं. लंगोटाची चिंधी. जमिनीवर पडलेल्या चारांपैकी एक असावी, मातीचा डाग तसाच होता. सैल गाठ, करंगळी जाईल एवढी.

तिने गाठीतून करंगळी घालून पाहिली. मग दाराला टेकून तिथेच खाली बसली.

मागून मुंगीचा बाबा डोळे चोळत आला. त्याने तिच्याकडे पाहिलं, चिंधीकडे पाहिलं. "हे काय? आता दार कापायचं?"

वरून, जिन्याच्या वळणावरून, खळखळून हसण्याचा आवाज आला. आजी पेला हातात घेऊन उभ्या होत्या. "त्याला सांग गं कुणीतरी नीट, नाहीतर घर पाडेल माझं." मग त्या खाली आल्या, आणि आज पहिल्यांदाच झाडाकडे न बघता आधी तिच्याकडे आल्या. शेजारच्या पायरीवर बसल्या.

"माझा मुलगा तेव्हा दहा महिन्यांचा होता," त्या म्हणाल्या. "या तुतीच्या खाली त्याचा पाळणा. एक दिवस पाळण्यात सुरवंट पडला. सुरवंट हं, फांदीसुद्धा नाही! मी यांच्या माघारी माणूस बोलावून सगळं झाड सपाट करवलं. ते गावाहून आले, झाड बघितलं, आणि मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी खारला घेऊन आले. तेव्हा खारच्या मिशा काळ्या होत्या. तुझा झोका बांधलाय ना, तो हात त्याच पाणसोटांतला. आम्ही पोराच्या दुधाच्या बाटलीत वाळू भरून त्याला लटकवली होती. चिंध्या यांच्या सदऱ्याच्या."

"म्हणजे फोनवर मुंगी बोलली तेव्हा..."

"उभे केस म्हटल्यावर मला आणखी काय कळायचं बाकी राहिलं होतं? कपाटात नंबर होता. वाट बघत होते, तू कधी लावतेस." आजींनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "चांगला निवडलायस तो बारका. बूड बघून निवडलास ना?"

तिने मान हलवली. सांगायचं खूप होतं. आजींना, वर आजींच्या भिंतीवर फोटोत असलेल्या त्यांच्या मुकाट यजमानांना, खारकाकांना, दारात उभ्या असलेल्या या आंधळ्या चष्मेवाल्याला. त्याने तोवर आत जाऊन दुधाऐवजी पत्र्याची पेटीच उचलून आणली होती. "यातले उरलेले फाडू का?" त्याने विचारलं. "तुझं काही ठेवायचं असलं तर."

"फाड," ती म्हणाली, आणि या वेळी तो आवाज तिला मुळीच लागला नाही.

मुंगीने पहिली चिंधी झोक्याला बांधायला लावली. दुसरी आजींच्या काठीला. मग पाण्याचा नळ, वाळूची बादली, बाबाचा डावा पाय, आईची वेणी, फाटक, शेजारचं मांजर (ते पळालं, चिंधीसकट). प्रत्येक वेळी ती येऊन हात पुढे करायची, "अजून एक."

दुपारपर्यंत पेटी रिकामी झाली.